तिकडे किती वाजले

३ फेब्रुवारी

छोटे,

तुझ्या फोनवर माझा नंबर बंद केलेला आहे, म्हणून पत्र. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, पोचायला बारा दिवस लागतील. मी विचारलं, विमानानंच जातं ना? तर म्हणाल्या, "विमान एका दिवसाचं हो, बाकीचे अकरा दिवस आमचे." खरं बोलणारी बाई. मला आवडली.

काल तुझ्या लेकीचा फोन आला. चार वर्षांनी चिमणीचा आवाज ऐकला, तो आता अगदी तुझ्यासारखा झालाय. "मावशी, घाबरू नकोस," अशी सुरुवात केली, म्हणजे घाबरायचंच होतं. तुला सप्टेंबरपासून रक्ताचा कर्करोग आहे, औषधांनी करायचं तेवढं केलं, आता दुसऱ्याच्या पेशी घालाव्या लागतील, आणि सख्ख्या भावंडांचं जुळायची शक्यता चारात एक असते. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. पाठ केलं असावं. मग म्हणाली, "तुझं रक्त तपासशील?"

मी म्हणाले, तपासते.

"आईला माहीत नाहीये मी फोन केलाय ते. म्हणजे, आता सांगते."

मी म्हणाले, सांग.

फोन ठेवला आणि डेपोत गेले. रविवारचं वेळापत्रक करायचं होतं, ते केलं. एकही फेरी चुकली नाही. हे एवढ्यासाठी लिहितेय की तुला वाटेल मी रडले वगैरे असेन. नाही रडले. तुझे भावोजी दोनदा विचारून गेले, "बरी आहेस ना?" मी बरीच होते. काही वाटायला पाहिजे होतं आणि ते येत नव्हतं. थांब्यावर उभं राहावं आणि गाडीच येऊ नये तसं.

दुपारी कॉम्प्युटरवर तुझं शहर आणि माझं शहर टाकून पाहिलं. अकरा हजार दोनशे किलोमीटर. आमची सगळ्यात लांबची गाडी त्रेचाळीस किलोमीटर जाते, आणि तिथं पोचल्यावर ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर परदेशी जाऊन आल्याचा भाव असतो.

उद्या सकाळी रक्त द्यायला जातेय.

ताई


१९ फेब्रुवारी

छोटे,

जुळलं. पूर्ण जुळलं म्हणे. इथल्या डॉक्टरीणबाईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, "अभिनंदन." मी "तुमचंही" म्हणाले.

घरी आल्यावर बॅग काढली. निळी, जिची साखळी अडकते ती. तुझ्या भावोजींनी विचारलं कुठे निघालीस, मी म्हटलं कुठे म्हणजे? बहिणीला पेशी द्यायच्या तर बहीण असेल तिथंच जाणार ना. त्यांनी लगेच साखळीला मेण लावून दिलं. मी डेपोत महिन्याची रजाही टाकली.

परवा तुझ्या हॉस्पिटलकडून मेल आली. सगळं व्यवस्थित, गोड भाषेत. त्यात एक ओळ होती : रुग्णाच्या इच्छेनुसार दात्यानं प्रवास करू नये, पेशी दात्याच्याच शहरात काढून विमानानं पाठवाव्यात. मला वाटलं माझी सोय बघत असतील. वय झालं, कशाला एवढा प्रवास, असं काहीतरी. मी चिमणीला फोन केला. म्हटलं, त्यांना सांग, मला प्रवासाचं काही नाही. पोरगी म्हणाली, "मावशी, आई म्हणाली ताई नको."

असं आहे तर. माझं रक्त चालतं, मी नको.

बॅग माळ्यावर टाकली. रजा रद्द केली. साहेब म्हणाले, बरं झालं बाई, तुमच्याशिवाय बारा नंबरच्या फेऱ्या कुणाला जमत नाहीत. रागानं लिहितेय असं समजू नकोस. राग आला असता तर बरं झालं असतं. तुला लहानपणापासून माहीत आहे मी रागावले की भांडी किती आपटते. भांडी मी शांतपणे घासली.

त्या दिवशी आईच्या स्वयंपाकघरात तू जे बोललीस ते मला शब्दाशब्दानं आठवतं. तूही विसरली नसशील, पण लिहून ठेवते. आईला जाऊन आठवडा झाला होता. ओट्याच्या वर दोन घड्याळं होती, एक आपलं आणि एक तुझ्या शहराचं, नऊ तास मागे. आईनं स्वतः लावून घेतलेलं, तू गेलीस त्या वर्षी. तू त्या दुसऱ्या घड्याळाकडे बोट करून म्हणालीस, "आईला उलट्या घड्याळावर तू जगवलंस. तिची झोप गेली, गोळ्यांच्या वेळा गेल्या, आणि त्यातच ती गेली. एक घड्याळ काढता आलं नाही तुला, ताई?"

मी स्टूल घेतलं, घड्याळ काढलं, आणि तुझ्या बॅगेत स्वेटरांच्या मध्ये ठेवलं. सेल काढायचं सुचलं नाही. तुझे भावोजी म्हणाले, बॅगेतून टिकटिक ऐकू आली तर विमानतळावर अडवतील तिला. कुणी अडवलं नसावं.

तेव्हापासून तू फोन उचलला नाहीस, आणि मग माझा नंबरच बंद केलास. तेवढंच. बाकी आपल्यात कधी काही भांडण नव्हतं, बाबांच्या रेडिओवरून झालेलं सोडलं तर.

ताई


४ मार्च

छोटे,

रोज सकाळी दंडात एक इंजेक्शन घेतेय. एकूण पाच दिवस. त्यानं हाडांतल्या पेशी रक्तात उतरतात, मग त्या मशीननं गोळा करायच्या. आधी बजावून ठेवलं होतं की हाडं दुखतील. कंबर, मांड्या, छातीचं मधलं हाड, सगळं ठणकतंय. आत कुणीतरी फर्निचर हलवतंय असं वाटतं. नर्स म्हणाली गोळी घ्या, सहन करायची गरज नाही. मी घेतली नाही. खरं सांगते, बरं वाटलं. महिनाभरात पहिल्यांदा काहीतरी दुखलं.

पेशींचा प्रवास कसा होणार त्याचा कागद मला पाठवलाय. दात्याला दाखवायची पद्धत नसावी, पण मी मागितला आणि समन्वय करणाऱ्या मुलाला नाही म्हणता आलं नाही. वाचला आणि मला घाम फुटला. सरळ विमान नाहीच. आधी सहा तास चाळीस मिनिटांचं एक, मग साडेआठ तासांचं दुसरं, आणि मध्ये गाडी बदलायला किती? पंचावन्न मिनिटं! आमच्या डेपोत कुणी असं वेळापत्रक बनवलं असतं तर मी त्याला तिकीट फाडायला पाठवलं असतं. पहिलं विमान अर्धा तास उशिरा आलं की संपलं. तुझ्या अंगातल्या जुन्या पेशी तोवर औषधानं पार मारून टाकलेल्या असणार, मागे फिरायची सोय नाही, आणि माझा डबा कुठल्यातरी तिसऱ्याच देशात बाकड्यावर बसलेला.

मी त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, पेशी दोन दिवस टिकतात, काळजी नको." मी म्हटलं, पेशी टिकतील रे, मी टिकणार नाही. हसला बिचारा. मग म्हणाला, पुढचं विमान घेतलं तर मध्ये दोन तास चाळीस मिनिटं मिळतात. मी म्हटलं, हे घे. त्यानं घेतलं. म्हणजे सकाळी आठ दहाला निघून एकूण सतरा तास पन्नास मिनिटं. तुझ्याकडे पोचेल तेव्हा त्याच दिवशीची संध्याकाळ असेल, पाच वाजता.

डबा नेणारे एक गृहस्थ मला भेटून गेले. निवृत्त भूगोल शिक्षक. डोक्यावर लोकरीची टोपी, विमानात थंडी वाजते म्हणून घरातूनच घालून आलेले. हेच काम करतात, पगार नाही, फक्त तिकीट. आतापर्यंत कुणाकुणाच्या पेशी कुठंकुठं पोचवल्यात म्हणाले. डबा सामानात टाकायचा नाही, एक्स-रेमधून न्यायचा नाही, कुणाच्या हातात द्यायचा नाही, पायांच्या मध्ये ठेवायचा आणि झोपायचं नाही. मी विचारलं, मग करता काय इतका वेळ? म्हणाले, "खिडकीतून बघतो. मुलांना आयुष्यभर जे फळ्यावर काढून दाखवलं ते खाली असतं."

त्यांनीच सांगितलं की जाताना वारा समोरून असतो, म्हणून तुझ्याकडे जायला वेळ लागतो. तुझ्याकडून इकडे यायचं असेल तर वारा पाठीशी असतो आणि दीड तास वाचतो. मी म्हटलं, असं होय! म्हणजे तुला आमच्यापेक्षा सोपं आहे तर.

हे पत्र तुला मिळेल त्याच्या आधी माझ्या पेशी पोचलेल्या असतील. गंमतच आहे.

ताई


८ मार्च

छोटे,

डबा काल सकाळी गेला.

त्याच्या आदल्या दिवशी मशीनवर होते. दोन्ही हातांत सुया, एका हातातून रक्त जातं, मशीन त्यातलं हवं ते काढून घेतं आणि उरलेलं दुसऱ्या हातातून परत देतं. चार तास हात हलवायचे नाहीत. नाकाला खाज सुटली. तुझे भावोजी शेजारी बसून माझं नाक खाजवत होते. लग्नानंतर त्यांनी केलेलं हे सगळ्यात उपयोगी काम. नर्सनं विचारलं, "बहिणीशी बोलणं होतं का रोज?" ते माझ्याआधी म्हणाले, "हो हो, होतं की." मी छताकडे बघत राहिले.

शेवटी पिशवी दाखवली मला. तळहाताएवढी. पातळ केलेल्या टोमॅटोच्या रसासारखा रंग. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. एवढंसं.

सकाळी हॉस्पिटलच्या मागच्या दारातून टोपीवाले काका निघाले. मला यायचं काही कारण नव्हतं, तरी गेले होते. निळा डबा, सहलीला नेतात तसा, वर तापमान दाखवणारा आकडा. त्यांनी डबा मांडीवर घेतला आणि टॅक्सीचा पट्टा डब्यावरून आणि स्वतःवरून एकत्रच लावला. मला म्हणाले, "काही निरोप द्यायचाय का बहिणीला?" मी म्हटलं, कनेक्शनला धावू नका, वेळ आहे.

टॅक्सी वळली आणि मी डेपोत गेले. जेवले. घरी आले. डबा पोचेल तेव्हा आमच्याकडे पहाटेचे दोन झालेले असणार होते, जागायचं असं ठरवलं होतं. दहालाच झोप लागली. खरंच झोपले. सकाळी चिमणीचा निरोप आलेला होता : "मावशी, पोचल्या. अर्ध्या तासात पिशवी संपली. आई झोपलीय. काका बाहेर डब्याशेजारी बसून राहिले होते, पिशवी लागेपर्यंत उठलेच नाहीत."

तुझ्या खोलीत बाहेरचं माणूस येऊ देत नाहीत असं ती म्हणाली. म्हणजे मी आले असते तरी काचेपलीकडेच राहिले असते. हे तू आधी सांगितलं असतंस तर मी काचेपलीकडेही चालले असते.

ताई


२ एप्रिल

छोटे,

तुमच्याकडे घड्याळं एक तास पुढे केली असं वाचलं. आता आपल्यात नऊ नाही, आठच तास राहिले. दोघींनी काही न करता एक तास जवळ आलो.

आकडे चढतायत, चिमणी रोज कळवते. शून्य, मग शून्य, मग शून्यापेक्षा थोडं जास्त, आणि परवा एकदम उडी. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रुजल्या तुमच्या पेशी. मी डेपोत कुणाला काही सांगितलं नव्हतं, तरी त्या दिवशी साहेब म्हणाले, बाई आज शिट्टी वाजवताय. मी वाजवत नव्हते. वाजवत असेन तर मला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र मला कालच कळली. बाहेरचा कागद तुझ्या खोलीत नेऊ देत नाहीत, म्हणून माझी पत्रं चिमणी काचेबाहेर उभी राहून फोनवरून तुला वाचून दाखवते! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते "मी नको" वगैरे सगळं त्या पोरीनं वाचलं? तिला आपली अक्षरं धड लागत नाहीत, म्हणे जोडाक्षर आलं की थांबते, कागद काचेला लावते आणि तू आतून सांगतेस. म्हणजे आधी लिहिलेलं तू ऐकलंस तरी. उत्तर नाही दिलंस, पण ऐकलंस.

मी विचारलं, आई काय म्हणते? चिमणी म्हणाली, "काही नाही. वाचून झालं की म्हणते, परत वाच."

आता जे लिहितेय ते फक्त तुझ्यासाठी आहे. चिमणे, इथं थांब. पान घडी करून ठेव आणि आई घरी येईल तेव्हा तिच्या हातात दे. थांबलीस का? मला माहीत आहे तू थांबलेली नाहीस. मग वाच, पण गुपचूप वाच.

छोटे, तू विचारलंस ना, एक घड्याळ काढता आलं नाही का. काढता आलं असतं. स्टुलावर चढायचं आणि काढायचं, त्यात काय. तू कामावरून येऊन संध्याकाळी सातला जेवायला बसायचीस आणि आईला फोन लावायचीस. तेव्हा आमच्याकडे पहाटेचे चार. आई तुझ्याबरोबर जेवता यावं म्हणून पहाटे चारला ताट वाढून घ्यायची. मी तिला म्हणायचे, अगं दात तरी घासून घे. ती म्हणायची, तिकडे संध्याकाळ आहे, संध्याकाळी कोण दात घासतं? डॉक्टरांनीही सांगितलं होतं, हे बंद करा. मी दोनदा स्टूल आणलंही होतं.

माझी पहिली गाडी पाचची. चारला मी कामावर निघायच्या तयारीत असायचे. तुला वाटायचं मी झोपलेली असते, कारण आई तसं सांगायची, आणि ती तसं सांगायची कारण मीच सांगितलं होतं. मी चपला हातात घेऊन दाराशी उभी असायचे. आई फोन कानापासून लांब धरायची, तिला वाटायचं जवळ धरला की कान बिघडतो. तुझा आवाज दारापर्यंत ऐकू यायचा. बॉसला शिव्या घालायचीस, चिमणीचा पहिला दात पडणं, घरमालकाशी भांडण, सगळं मला माहीत आहे. मला कुणी सांगितलेलं नाही, मी ऐकलंय. पहिला प्रश्न आईचा ठरलेला असायचा, "तिकडे किती वाजले?" घड्याळ समोर टांगलेलं, तरी विचारायची. आणि तू दर वेळी सांगायचीस.

म्हणून काढलं नाही घड्याळ. तुझ्या आवाजासाठी. आईची झोप त्यात गेली असेल. गेली असेल तर गेली. मला परत विचारलंस तरी मी काढणार नाही.

चिमणे, डोळे पूस आणि पत्र घडी कर.

ताई


२१ जून

छोटे,

तू घरी आलीस त्याला आता महिना झाला आणि माझ्याकडून पत्र गेलं नाही. काय लिहावं ते कळत नव्हतं. मागच्या पत्राला तू काहीच कळवलं नाहीस, तेव्हा मला वाटलं फार बोलले.

काल चिमणीनं सांगितलं की तुझा रक्तगट बदलला. तू जन्मापासून ओ, बाबांसारखी. आता तू बी, माझ्यासारखी. आईसारखी. लहानपणी तू भांडायचीस, ताई आईची आणि मी बाबांची, हे कुणी ठरवलं? शाळेच्या ओळखपत्रावर रक्तगट लिहायचा होता तेव्हा तू रडून बी लिहून घेतलं होतंस आणि बाईंनी खोडलं होतं. आता लिही. मी हे ऐकलं तेव्हा हातातलं काम थांबलं, एवढंच झालं. आईला सांगायला पाहिजे असं मनात आलं आणि मग आठवलं.

आणि दुसरं. चिमणी तक्रार करत होती : "मावशी, आई दिवसभर झोपते आणि रात्री टक्क जागी. पहाटे दोनला नाश्ता मागते. तिकडच्या नर्स म्हणतात, दात्याच्या वेळेवर चालतेय." मी इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, पेशींना घड्याळ असतं का? त्या इतक्या हसल्या की मला ओशाळल्यासारखं झालं. असं काही नसतं. औषधांनी झोप उलटीपालटी होते, त्यात नवल नाही.

तेव्हा औषधंच असतील. पण लक्षात घे, तू ज्या वेळी जागी असतेस त्या वेळी इकडे डेपो चालू असतो. डेपोचा नंबर तू बंद केलेला नाहीस, कारण तो तुझ्याकडे नव्हताच. खाली लिहिलाय. लिहिला म्हणून फोन केलाच पाहिजे असं नाही.

ताई


१७ ऑगस्ट

छोटे,

फोनवर तू तुझ्या टोकाला होतीस. माझ्या टोकाला काय झालं ते लिहिते.

मंगळवारी चिमणीचा निरोप आला होता की नवी तपासणी चांगली आली नाही. जूनमध्ये तुझ्या रक्तात सगळ्या माझ्याच पेशी होत्या, आता तुझ्या जुन्या परत दिसायला लागल्या. अजून थोड्या आहेत. डॉक्टरांना माझ्या रक्ताची आणखी एक पिशवी हवी, लवकर. मी लगेच हो कळवलं आणि डेपोत जाऊन बसले. पुन्हा तेच. बधिर. सुईची भीती नाही, दुखण्याची नाही, आणि आनंदाची तर नाहीच. डबा, टोपीवाले काका, दोन तास चाळीस मिनिटं. कागद तोच, तारीख वेगळी.

बुधवारी सकाळी दहा वाजता टेबलावरचा फोन वाजला. समोर बारा नंबरचा ड्रायव्हर उभा होता, त्याला शेवटच्या फेरीला जेवायला वेळ मिळत नाही म्हणून तो हातवारे करून ओरडत होता. मी एका हातानं त्याला थांब म्हटलं आणि फोन उचलला. पलीकडे कुणी बोलेना. नुसती शांतता, आणि त्या शांततेत टिकटिक. मला वाटलं लाइन खराब आहे. मी ठेवणार होते.

मग तू म्हणालीस, "ताई, तिकडे किती वाजले?"

ते घड्याळ तुझ्या समोर होतं ना? तुझ्या स्वयंपाकघरात? मी विचारलं नाही. ती टिकटिक मी बारा वर्षं ऐकलीय, ती सेकंदाला जरा अडखळते. मी भिंतीवर बघून नीट सांगितलं, "दहा वाजून चार मिनिटं." तू म्हणालीस, "बरोबर आहे." म्हणजे तू ते आमच्या वेळेवर लावलंयस. कधीपासून, तेही मी विचारलं नाही.

तू म्हणालीस, "मी त्या दिवशी जे बोलले..." मी म्हटलं, "ते राहू दे. तिकडे दोन वाजलेत, झोपली नाहीस?" तू म्हणालीस, "तू चपला हातात घेऊन उभी राहायचीस. मला कधी कळलंच नाही. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती, ताई." ड्रायव्हर अजून समोरच होता आणि त्याला काहीतरी समजलं असावं, कारण तो टोपी हातात घेऊन बाहेर गेला.

मग तू म्हणालीस, "डबा नको पाठवूस."

छोटे, मला वाटलं तू थकलीस. सगळं सोडून देतेयस. मी फोन घट्ट धरला, म्हणायचं होतं की असं करू नकोस, अकरा महिने झालेत, अजून थोड्याच जुन्या पेशी आहेत, डॉक्टर म्हणाले त्या जातील. इतक्या लांबच्या फोनवर आवाज पोचायला मध्ये क्षणभर लागतो, तुला माहीत आहे. तेवढ्यात मी आईचं सगळं आजारपण परत बघितलं.

आणि तू म्हणालीस, "तू ये."

मी ऑफिसात मोठ्यानं रडले. सगळ्यांच्या समोर. फेब्रुवारीपासूनचं सगळं एकदम आलं. साहेब पाण्याचा ग्लास घेऊन धावले आणि तो त्यांनी माझ्या वेळापत्रकावर सांडला. बारा नंबरच्या सगळ्या फेऱ्या वाहून गेल्या. त्या आता साहेबांनाच कराव्या लागतील.

बॅग माळ्यावरून काढली आहे. साखळी पुन्हा अडकते, तुझे भावोजी मेण शोधतायत. टोपीवाल्या काकांना फोन केला, तर ते थोडे हिरमुसले, डबा नसेल तर त्यांना जायला नको. मग म्हणाले, खिडकीची जागा घ्या, डावीकडची. तीच विमानं घेतली आहेत, सोमवारी सकाळी आठ दहा, मध्ये दोन तास चाळीस मिनिटं. त्याच दिवशी संध्याकाळी सहाला तुझ्या शहरात उतरेन. पेशी अंगातच घेऊन येतेय, तिथंच काढून घ्या. मला झोपायची परवानगी आहे असं काका म्हणाले, पण झोप लागेल असं वाटत नाही.

तू बरी होशील का, मला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंनाही माहीत नाही, मी विचारलं. मला भीती वाटतेय. चांगलीच वाटतेय.

विमानतळावर येऊ नकोस, गर्दीत तुला चालणार नाही. चिमणीला पाठव. आणि पहाटे दोनला नाश्ता मागशील तेव्हा मी जागीच असेन, कारण माझे तेव्हा दहा वाजलेले असतील. दोघी बसून खाऊ.

हे पत्र आज पोस्टात टाकतेय. त्या बाई म्हणाल्या, तुम्ही स्वतःच जाताय तर कशाला टाकता? मी म्हटलं, टाकते. बारा दिवसांनी ते तुझ्या दारात येईल तेव्हा दार मीच उघडेन. चिमणीच्या हाती लागायच्या आत घेईन, आणि तुझ्याजवळ बसून मी वाचून दाखवेन.

ताई